उभ्या गाडीतलं काम

सोलापुरात सात रस्त्याच्या सिग्नलला गाडी उभी राहते. मे महिन्याची दुपार, एसी चालू, पाय एक्सलरेटरवरून काढलेला. चालवणाऱ्याच्या लेखी गाडी आता काहीच करत नाही. इंजिनाच्या लेखी मात्र याहून अवघड वेळ नाही. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर फिरतं तेव्हा दर सेकंदाला सव्वीस-सत्तावीस वेळा इंधन पेटतं, आणि त्या प्रत्येक वेळी लागणारी हवा थ्रॉटलच्या जवळजवळ मिटलेल्या झडपेच्या कडेकडेने आत येते. हमरस्त्यावर हवेत थोडी घटबढ झाली तर गाडीचा वेग आणि वजन ती पचवून टाकतात. स्लोवर, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसतं फिरत असताना, असा कुठलाच आधार नसतो. निर्माण झालेली सगळी ताकद स्वतःचं घर्षण, अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप यांतच संपते. तेवढ्यात एसीचा कॉम्प्रेसर लागतो, इंजिन दबतं, स्टिअरिंग थरथरतं, आणि कधीकधी गाडी बंदच पडते.

स्थिर राहण्याला काम लागतं, हे मला इंजिनाइतकं स्पष्ट दुसऱ्या कशाने दाखवलेलं नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याच्या चित्ताला वारा नसलेल्या जागी ठेवलेल्या दिव्याची उपमा आहे. ती फार सुंदर आहे. पण गाडीच्या बॉनेटखाली निवांत जागा कुठून आणायची? तिथला दिवा भर वाऱ्यात असतो. त्याची ज्योत हलते, लगेच सावरली जाते आणि पुन्हा हलते. सावरणं इतक्या वेगाने चालतं की आपल्याला ती स्थिर वाटते. संसारात राहणाऱ्या माणसाच्या वाट्याला येते ती स्थिरता या जातीची असते, असं मला वाटतं.

सोलापूरचा मोटारीशी संबंध जुना आहे. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली इथलाच. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली. तिच्या मुंबईतल्या कारखान्यातून पुढे फियाट आणि मग पद्मिनी बाहेर पडली. त्या गाडीचं १०८९ सीसीचं इंजिन, डॅशबोर्डवरची चोकची खुंटी आणि कार्ब्युरेटर यांवर मिस्त्रींची एक पिढी घडली. कार्ब्युरेटरला स्लोचे दोन स्क्रू असत. एक थ्रॉटलची झडप किंचित उघडी धरी, दुसरा हवा-पेट्रोलचं मिश्रण ठरवी. मिस्त्री मिश्रणाचा स्क्रू फिरवत इंजिन सर्वांत मोकळं कुठे बोलतं ती जागा शोधायचा, मग पहिल्या स्क्रूने रेस खाली आणायचा. हे सगळं कानाने चालायचं. सकाळी थंड हवेत बसवलेला स्लो दुपारी बिघडायचा, कारण स्क्रू एका जागी राहतो आणि हवा बदलते. जानेवारीतल्या गड्डा यात्रेच्या दिवसांत पहाटे १५ अंश आणि उन्हाळ्यात ४३ अंश, एवढ्या फरकात त्याच हवेची घनता सुमारे नऊ टक्क्यांनी उतरते. मिस्त्री हे आकडे सांगत नसत. उन्हाळा आला की ते स्क्रूला हात घालत.

इंधन इंजेक्शन आलं आणि हे सावरणं संगणकाकडे गेलं. त्याच्याकडे दोन हात आहेत. हवा वाढवायची तर छोटी स्टेपर मोटर बगलेची वाट उघडते. नव्या गाड्यांत एक्सलरेटरची केबलच नसते, मोटर थेट झडपच हलवते. पण हवा मॅनिफोल्डमध्ये भरून सिलिंडरपर्यंत पोचायला वेळ लागतो. म्हणून दुसरा, चपळ हात ठिणगीचा. स्लोवर ठिणगी मुद्दाम थोडी उशिरा पाडतात, म्हणजे थोडी ताकद राखीव राहते. कॉम्प्रेसर लागताच ठिणगी लवकर पडते, इंजिन पुढच्याच क्षणी सावरतं आणि हवा मागून येते.

हे दोन हात कुणाच्या सांगण्यावर हलतात? इंजिनाचा वेग मोजणाऱ्या क्रँकच्या सेन्सरच्या; पण झडप मिटलेली आहे, म्हणजे स्लो सांभाळायचा आहे, हे संगणकाला थ्रॉटल पोझिशन सेन्सरकडून कळतं. या सेन्सरला ५ व्होल्ट दिलेले असतात. झडप मिटलेली असताना साधारण अर्धा व्होल्ट परत येतो, पूर्ण उघडल्यावर साडेचारच्या आसपास. जुन्या घडणीत आत कार्बनची पट्टी आणि तिच्यावर घासणारी पाती असते. पट्टी सर्वांत जास्त कुठे झिजते? झडप मिटलेल्या जागी, कारण गाडीचं बरंचसं आयुष्य तिथेच आणि तिच्या आसपास जातं. तिथली पट्टी खराब झाली की व्होल्टेज उड्या मारतं. डिजिटल मीटरवर हे पुष्कळदा निसटतं. जुना काट्याचा मीटर लावून झडप हळूहळू उघडली की खराब जागी काटा थरकतो. नव्या गाड्यांत न घासणारे चुंबकीय सेन्सर आले. शिवाय एकाऐवजी दोन बसवतात आणि संगणक दोघांची साक्ष ताडून पाहतो. ती जुळली नाही तर इंजिनाची ताकद आखडून धरतो.

इथे मला जे म्हणायचं आहे ते येतं. सावरणाऱ्याला सर्वांत आधी हे ठाऊक हवं की झडप खरोखर मिटली आहे. ही एक गोष्ट खोटी कळली तर पुढचं सगळं शहाणपण वाया जातं. गाडी सिग्नलला बंद पडते म्हणून कुणीतरी थ्रॉटल बॉडीवरचा थांब-स्क्रू आवळतो. तो कारखान्यात बसवून रंगाने किंवा टोपीने बंद केलेला असतो. झडप नळीत अडकू नये एवढ्यासाठी तो आहे, रेस वाढवण्यासाठी नाही. स्क्रू आवळला की झडप जराशी उघडी राहते आणि व्होल्टेज चढतं. अनेक गाड्यांत मग संगणकाला वाटतं की पाय एक्सलरेटरवर आहे. स्लो सांभाळण्याचं काम तो हातीच घेत नाही, उतारावर पेट्रोल तोडायचं तेही तोडत नाही. वरवर गाडी सुधारलेली दिसते, कारण ती आता बंद पडत नाही. मूळ दुखणं मात्र तसंच आत असतं: तेलाच्या वाफेने झडपेच्या कडेला धरलेला कार्बन, तडकलेली व्हॅक्यूमची नळी, थकलेला प्लग.

लक्षण दाबणं म्हणजे बरं करणं नव्हे, हे वैद्यकाने फार पूर्वी ओळखलं. यंत्रांच्या जगात सावरणंच कसं फसतं, ही समजही जुनी आहे. १८७७ साली सोलापुरात पहिली कापड गिरणी निघाली, तो वाफेचा जमाना होता. वाफेच्या इंजिनांचा वेग वॅटच्या गव्हर्नरने सांभाळायचे. फिरणारे दोन गोळे वेग वाढला की वर उचलले जात आणि वाफ कमी करत. एकोणिसाव्या शतकातल्या इंजिनिअरांना एक चमत्कारिक अनुभव आला. गव्हर्नर जितका सफाईदार, घर्षण जितकं कमी, तितका वेग अधिक वर-खाली होई. १८६८ मध्ये जेम्स क्लर्क मॅक्सवेलने त्याचं गणित मांडलं. सावरणारा चुकीच्या क्षणी सावरू लागला तर तोच डोलणं वाढवतो. आज गॅरेजमध्ये 'रेस वर-खाली होते' म्हणतात ती हीच गोष्ट. कुठूनतरी न मोजलेली हवा आत शिरते, संगणक ती कमी करायला जातो, इंजिन दबतं, तो घाबरून वाढवतो. दोष त्याच्या हेतूत नसतो, त्याला मिळालेल्या बातमीत असतो.

स्लोची घडण कॅमशाफ्टपाशीही सुरू होते. आत घेणारा आणि बाहेर टाकणारा व्हॉल्व्ह काही क्षण एकदमच उघडे राहतात. हा काळ जास्त ठेवला तर जोरात पळताना फायदा होतो, पण स्लोवर जळका वायू मागे येऊन इंजिन अडखळतं. कॅमच्या उंचवट्याचा आकार ही या दोन गरजांमधली तडजोड असते. १९९२ साली सुरू झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी सोलापुरातूनच जगभरच्या मोटार कारखान्यांना कॅमशाफ्ट पुरवते, याचा आपण पुरेसा अभिमान बाळगत नाही. याच कंपनीने २०१८ मध्ये विजेवर चालणारे ट्रक बनवणाऱ्या इमॉस या डच कंपनीत मोठा हिस्सा घेतला. विजेची मोटर सिग्नलला सरळ थांबते. तिला स्लो लागतच नाही. उद्याच्या मिस्त्रीला ही विद्या कदाचित लागणार नाही.

पण आज रस्त्यावर पेट्रोलच्या असंख्य गाड्या आहेत आणि त्यांच्या स्लोचा हिशोब हवेतही मांडला जातो. पीयूसीला कार्बन मोनॉक्साइड इंजिन स्लोवर असताना मोजतात: जुन्या, भारत स्टेज २ च्या आधीच्या चारचाकींना ३ टक्क्यांची मुभा होती, भारत स्टेज ४ पासूनच्या पेट्रोल गाड्यांना ०.३ टक्क्यांचीच आहे. तेव्हा गाडी सिग्नलला अडखळू लागली तर मिस्त्रीला रेस वाढवून द्यायला सांगू नका. थ्रॉटल बॉडी साफ करून घ्या, नळ्या तपासायला सांगा, स्कॅनरवर झडप मिटलेली असतानाचा आकडा स्वतः पाहा, आणि सफाईनंतर संगणकाला मिटलेली जागा नव्याने शिकवली की नाही ते विचारा. यासाठी तास-दीड तास लागेल. जो मिस्त्री तेवढा वेळ मागतो, त्याच्याकडेच गाडी द्या.