येळवणी

सेलू तालुक्यातल्या देवगाव फाट्याजवळ एक घर होतं. घरात सासू होती, सून होती. 2023 सालचा अधिक श्रावण लागला होता आणि लेक-जावई पुरणाचे धोंडे खायला येणार होते.

हा अधिक महिना, म्हणजे धोंड्याचा महिना, काही दरसाल येत नाही. चांद्र वर्ष 354 दिवसांचं. सूर्याच्या वर्षाला ते अकरा दिवस कमी पडतं. हे दिवस कुणी टाकून देत नाही. ते साठत राहतात आणि साधारण 33 महिन्यांनी त्यांचा एक महिना होतो. जावयाचं वाणही 33 धोंड्यांचं.

सुनेचा हा पहिलाच मोठा स्वयंपाक. ती म्हणाली, "आत्या, आज तुम्ही नुसतं बसायचं."

"बसते की माय," सासू म्हणाली, आणि उंबऱ्यात वाती वळत बसली.

ताटात जे आधी नजरेत भरतं, ते सुनेनं आधी केलं. सकाळी आठलाच कढई ठेवली. कुरडया तळल्या, पापड तळले, भज्यांचा घाणा काढला. बाहेर झड लागली होती. अशा हवेत कुरडया दुपारपर्यंत सादळणार, हे सासूला दिसत होतं. ती वाती वळत राहिली.

मग सुनेनं काकडी चोचवली आणि लगेच मीठ घातलं. सासूनं एकदा मान वर केली. पुन्हा खाली घातली.

नंतर हरभऱ्याची डाळ चढली. दीड किलोची. डाळ बोटानं चेपली की मऊ व्हावी, पण तिचं पीठ होऊ नये, इतपत सुनेनं ती नीट शिजवली. पुरण कोरडं व्हायला हवं म्हणून चाळण घेतली, पातेलं उचललं आणि मोरीकडं वळली.

"थांब!"

गुडघे दुखतात म्हणून भिंत धरून उठणारी सासू भिंत न धरता उठली. तिनं चाळणीखाली दुसरं पातेलं सरकवलं.

"काय करायलीस माय? आमटी त्यातच हाय."

डाळीचं पिवळं, दाट पाणी, म्हणजे येळवणी, पातेल्यात उतरलं. सासू परत उंबऱ्यात जाऊन बसली.

दुपारी एकच्या सुमारास जीप आली. दोघंजण यायचे होते, उतरले सातजण. जावयाचे आई-वडील होते, भाऊ होता, भावाची दोन लेकरं होती. सुनेच्या पोटात गोळा आला. पण येळवणी भरपूर होती. तिनं भाजलेलं खोबरं वाटून लावलं, येसर कालवला, चिंच-गूळ घातला, मूठभर पुरण सोडलं, वरून लसणाची फोडणी दिली. आधणाचं पाणी घालून आमटी वाढवली. भजे पुन्हा कढईत सोडले. डब्यातल्या नव्या कुरडया तळल्या. काकडीचं सुटलेलं पाणी पिळून काढलं आणि दही घातलं. वाणाचे धोंडे आधीच मोजून बाजूला ठेवले होते, उरलेले ताटात पुरले. जावयाच्या आईनं आमटी दोनदा मागून घेतली.

रात्री भांडी घासताना सून म्हणाली, "आत्या, भज्यांचं तुम्हाला सकाळीच दिसलं असंल. मग सांगितलं का नाही?"

"भजे पुन्हा तळता येतेत," सासू म्हणाली. "मोरीत गेलेलं पाणी माघारी येत नाही."

जाणत्या माणसाला दुसऱ्याची चूक दिसणं अवघड नसतं. दिसल्यावर गप्प बसणं अवघड असतं. त्या दिवशी सासूला तीन चुका दिसल्या. दोन तिनं होऊ दिल्या, कारण त्या सुनेच्या हाताला काही शिकवून जाणार होत्या. तिसरी काही शिकवती, पण तोवर घरची आमटी गेली असती.

दुसऱ्या दिवशी उरलेली आमटी आणखी मुरली होती. सुनेनं परातीत ज्वारीचं पीठ घेतलं आणि विचारलं, "आत्या, आधी आमटी ऊन करू का भाकरी टाकू?"

सासूनं वातींचं ताट पुढं ओढलं आणि कापूस पिंजायला घेतला.