कारागीर गेला, राग राहिला
इंदूरच्या आपल्या एका गुरुबंधूंच्या नमकीनच्या दुकानातला जुना कारागीर काम सोडून गेला आणि दोन गल्ल्या पलीकडे त्यानं स्वतःची भट्टी लावली. 'दोन वर्षं हा धंदा करणार नाही' असं लिहून घेतलेला कागद घेऊन ते सत्संगात आले. पण १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ असा करार रद्दबातल ठरवतं. (धंदा नावलौकिकासह विकला तर गोष्ट वेगळी.) गिऱ्हाइकांची वही पळवली असती तर दाद मागता आली असती. हाताची चव कशी परत मागणार? "तो हात मीच तयार केला ना?" ते म्हणाले. आम्हालाही ते पटत होतं. मग आठवलं, हेसुद्धा एका शेठजींकडून असेच सुटले होते. त्यांनी काय केलं, आम्ही विचारलं. बराच वेळ गप्प राहून म्हणाले, "मुहूर्ताला बेसनाचं पोतं पाठवलं होतं."