हात पुढे कर!

हात पुढे कर. दोन्ही. छडीसाठी नाही रे, छडीचं वय गेलं तुझं. बोटं बघायची आहेत. शेंडे पांढरेफटक, नखं निळसर. मघाशी हेल्मेटचा बंद सोडवताना किती झटापट चालली होती, तेही पाहिलं मी. एवढासा बंद ज्या बोटांना सुटत नाही, त्या बोटांनी नेरी गावाच्या अलीकडे ट्रक आडवा आला तर ब्रेक लागणार आहे होय?

म्हणे, "गार लागतं सर, पण चालतं." काय चालतं? विज्ञानाचा तास तू मागच्या बाकावर झोपून काढलास, तर आता उभ्याने ऐक. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो. दहा अंशांची हवा असताना ताशी साठने गाडी हाकलली, तर उघड्या कातडीला ती पाच अंशांसारखी झोंबते. वाघूर नदीच्या काठाला, खोलगटात तर थंड हवा साचूनच असते. शरीर मोठं हिशेबी. छाती-पोटाची ऊब राखायची म्हणून ते आधी बोटांचं रक्त आखडतं. बोटं बधिर झाली की ब्रेक किती दाबला गेला हेच कळत नाही. साठच्या वेगात गाडी सेकंदाला सोळा-सतरा मीटर जाते. अर्धा सेकंद उशीर झाला की आठ मीटर गेले. कपाशी भरून, मागे लाल दिवा न लावता उभी केलेली ट्रॉली आठ मीटरांत आरामात मावते.

"हातमोजे आहेत की सर." दाखव. हे? स्वेटरच्या दुकानातले लोकरीचे? तोंडाजवळ धर आणि जोरात फुंक. लागली ना फुंकर पलीकडच्या तळव्याला? तोंडाचा वारा अडत नाही, तो साठचा वारा अडणार आहे? लोकर ऊब धरते ती तिच्यात अडकलेल्या हवेमुळे, आणि ती हवाच वारा पळवून नेतो. शेकोटीपुढे बसायला हे मोजे उत्तम, आजोबांना देऊन टाक. वरून लिव्हरवर सटकतात ते वेगळंच. आणि बोटाच्या टोकाला ही चंदेरी टिकली कसली? मोबाइल चालावा म्हणून? म्हणजे मोजे घेताना ब्रेकच्या बोटाचा नाही, मोबाइलच्या बोटाचा विचार केलास! गाडीवर बसून काय उद्योग चालतात, ते न विचारताच कळलं.

तुझा तो बुलेटवाला मित्र तर तुझ्याही वर. अर्ध्या बोटांचे मोजे! थंडी आधी जिथे लागते तेवढेच शेंडे उघडे. पायमोजे हातात चढवून त्यावर कॅरीबॅग बांधणारेही या रस्त्यावर बघतो मी. वारा अडतो खरा, पण क्लच सुळकन निसटतो. काही जण तर थांबून इंजिनाला हात लावून शेकतात. अरे, बधिर बोटाला चटका बसलेला कळत नाही. फोड आल्यावर कळतं.

केळीच्या घडाला थंडी लागू नये म्हणून स्कर्टिंग बॅग चढवताना तुझी घाई बघायला हवी. घडाला पिशवी आणि स्वतःच्या बोटांना हवा!

घ्यायचे ते असे घ्यायचे. बाहेरचं कापड वारा अडवणारं, आत ऊब धरणारा थर, तळव्याला चामडं. पडलं की माणूस आधी तळहात टेकतो, म्हणून चामडं. आणि बोटांच्या सांध्यांवर कडक कवच. मनगटाला पट्टा हवा. तो आवळल्यावर मोजा ओढून निघाला तर दुकानदाराला परत दे. मागची कड लांब हवी, म्हणजे जॅकेटच्या बाहीतून वारा शिरत नाही. घट्ट घेऊ नकोस. बोट दाबलं गेलं की रक्त आणखी आखडतं आणि महागाचा मोजाही गारच लागतो. नखापुढे किंचित जागा, पण मूठ वळल्यावर तळव्यात चुण्या नकोत.

लडाखला जाणाऱ्यांचे ते उशीसारखे जाड मोजे तर मुळीच उचलू नकोस. आपली थंडी पहाटेची. दुपारी इथे तुला घाम फुटतो. जाड मोज्यातून लिव्हर हाताला लागत नाही, मग बधिर बोटात आणि त्यात फरक तो काय? दूधवाले हँडलला कव्हर चढवतात, तेही बरं. वारा त्याने चांगला अडतो. पण हात एका झटक्यात आत-बाहेर होतो का, हे गाडी उभी असताना शंभरदा करून बघायचं. ओले झालेले मोजे उन्हात वाळवायचे. सायलेन्सरवर ठेवलेस तर चामडं कडक होऊन तडकेल. आणि छाती उघडी टाकून नुसते हात झाकून भागत नाही. आधी चेन गळ्यापर्यंत ओढ. मफलरची टोकं जॅकेटच्या आत खोच, मागे फडफडत सोडू नकोस.

पीजे, आपली पाचोरा-जामनेर रेल्वे, चालू होती तोवर पाचोऱ्याला जाणारी पोरं डब्यात दाटीवाटीने बसून गरम राहायची. 2020 पासून ती बंद आणि जो तो फटफटीवर. तेवढी अडचण मला कळते. पण हेल्मेट घालतोस ते पोलिसाच्या भीतीने, आणि हातमोज्यांना कायद्यात सक्ती नाही म्हणून हात उघडे. दंड बसला असता तर दुसऱ्या दिवशी घेतले असतेस, हे माहीत आहे मला.

उद्या संध्याकाळी मोजे घेऊन घरी ये. ओट्यापुढे गाडी लावायची, ते घालायचे आणि खाली न बघता हॉर्न, डिपर, इंडिकेटर, क्लच, ब्रेक, मी म्हणेन त्या क्रमाने दाबून दाखवायचं. एक चुकला तर मोजे परत दुकानात. पैसे नाहीत हे मला सांगू नकोस. मागच्या महिन्यात सायलेन्सर बदललास, त्याचा आवाज पार पेठेपर्यंत येतो.