किती टक्के आले?

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला कॉम्प्युटरच्या प्रोजेक्टांत एक ॲप हमखास असतं: पानाचा फोटो काढा, रोग ओळखा. विषय चांगला, शेतकऱ्याच्या उपयोगाचा. रिव्ह्यूला गाईड विचारतात, "ॲक्युरसी किती आली?" मुलं म्हणतात, "सर, ९८ टक्के." लॉगबुकवर सही होते, पुढचा ग्रुप आत येतो.

हे ९८ टक्के खोटे नसतात, म्हणूनच प्रकरण अवघड आहे. बरीच मुलं 'प्लांटव्हिलेज' हा फुकट मिळणारा फोटोंचा साठा वापरतात. त्यात ५४ हजारांहून जास्त फोटो; बहुतेक पानं तोडून, साध्या पार्श्वभूमीवर ठेवून टिपलेली. त्यातल्याच काहींवर प्रोग्रॅमला शिकवायचं, उरलेल्यांवर तपासायचं. पुस्तकातलीच गणितं पेपरात आली तर मार्क पडायचेच. मोहंती, ह्यूज आणि सलाथे या संशोधकांनी २०१६ मध्ये याच साठ्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. अचूकता ९९.३५ टक्के. पण वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो दिले तेव्हा ती ३१ टक्क्यांच्या आसपास घसरली, आणि हेही त्यांनी त्याच निबंधात छापलं.

आपली मुलं पहिला आकडा उचलतात, दुसरा नाही. दुसऱ्याला मार्क देणार कोण?

नाशिककडचा द्राक्ष बागायतदार ऑक्टोबर छाटणीनंतर केवडा आणि भुरीच्या धास्तीने फवारण्या करत असतो. प्लांटव्हिलेजच्या साठ्यात द्राक्षाचे तीन रोग आहेत. त्यात केवडा नाही, भुरीही नाही. म्हणजे केवडा पडलेलं पान दाखवलं तर ॲप भलत्याच रोगाचं नाव ठोकून देणार, नाहीतर पान निरोगी ठरवणार. त्या भरवशावर एखाद्याने फवारणी चुकवली, तर तो कुणाला विचारणार? हे कळायला संशोधक लागत नाही, एक दुपार बागेत काढली की पुरे. मुलांना तिथे धाडणं हे गाईडचं काम. गाईडकडे चार-पाच ग्रुप, वर तास आणि पेपर तपासणी, हे सगळं मान्य. पण "चालवून दाखवा, हे घ्या माझ्या फोनमधलं पान" म्हणायला दोन मिनिटं लागतात. फक्त ते जानेवारीत म्हणावं, प्रोजेक्ट रिपोर्टचं ब्लॅक बुक बाइंडिंगला गेल्यावर नव्हे.

आणि बागेतल्या फोटोंवर चाळीसच टक्के आले असं एखाद्या ग्रुपने सरळ लिहिलं, व्हायवाला एक्स्टर्नलने त्यावरून झापायला सुरुवात केली, तर शेजारी बसलेल्या गाईडनी मोबाईलमध्ये डोकं घालू नये. सांगावं, यांना बागेत मीच पाठवलं होतं.