खूण आणि अर्थ

जमिनीखाली गाडली गेलेली गोष्ट कधी कधी उभ्या पिकातून वर येते. हजारो वर्षांपूर्वी कोणी खणलेला खंदक कालांतराने मातीने भरतो, त्यावरून नांगर फिरतो आणि शेत सपाट होते. परंतु भरलेल्या खंदकात माती खोल असते, ओल टिकते. उन्हाळा कोरडा गेला की त्या रेषेवरचा जव भोवतालच्या जवापेक्षा उंच वाढतो आणि उशिरापर्यंत हिरवा राहतो. खाली भिंतीचा पाया असला तर उलट घडते. रोप खुजे राहते, लवकर पिवळे पडते. बांधावर उभे राहून हे ध्यानात येत नाही. वरून मात्र सारा आराखडा कागदावर काढल्यासारखा दिसतो. पहिल्या महायुद्धात विमानातून टेहळणी केलेल्या क्रॉफर्ड ह्यांनी अलेक्झांडर केलर ह्यांच्या सहकार्याने दक्षिण इंग्लंडातील पुराणस्थळांच्या हवाई छायाचित्रांचा ग्रंथ १९२८ साली काढला, आणि आकाशातून पाहणे हे पुरातत्त्वाचे एक साधन होऊन बसले. २०१८ च्या कोरड्या उन्हाळ्यात आयर्लंडमध्ये न्यूग्रेंजजवळच्या शेतात असेच एक प्रचंड वर्तुळ उमटले, आणि ते ड्रोनने टिपले.

पीक खोटे बोलत नाही हे खरे. पण ते बोलते फार थोडे. 'इथे ओल अधिक आहे' एवढीच त्याची साक्ष. बाकीचे आपण बोलतो. शेतातले वर्तुळ हे प्राचीन दफनस्थानाभोवतीच्या खंदकाचे असू शकते, तसेच पवनचक्कीच्या पायाचे, युद्धकाळातील तोफेच्या ठाण्याचे, किंवा गुरांना चारा घालण्यासाठी मांडलेल्या गोल गव्हाणीचेही असू शकते. म्हणून जाणता अभ्यासक छायाचित्राला तीन प्रश्न क्रमाने विचारतो. काय दिसते आहे? ते कशामुळे दिसत असावे? आणि मग, ते कोणी व कशासाठी केले असावे? प्रत्येक पायरीला खात्री कमी होत जाते. पहिल्या पायरीवरची खात्री तिसऱ्या पायरीवर नेऊन वापरणे, ह्यातच अर्थ लावणाऱ्याचा अप्रामाणिकपणा असतो.

हा प्रश्न परदेशातल्या जवाच्या शेतापुरता असता तर त्याची एवढी चर्चा करण्याचे कारण नव्हते. पण रत्नागिरी जिल्ह्यातील सड्यांवर तो आपल्यापुढे अधिक कठीण रूपात उभा आहे. इथे जांभ्या कातळातच आकृती कोरलेल्या आहेत. खाचांत माती साचते, पावसाळ्यात तिच्यावर गवत माजते, आणि चित्र पायाखाली असूनही माणूस त्यावरून निघून जातो. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई ह्यांच्यासारख्या मंडळींनी सडे पायी तुडवून, गावकऱ्यांना विचारून ही कातळशिल्पे उजेडात आणली. आज जिल्ह्यातील त्यांची संख्या दीड हजारांच्या पुढे गेली आहे. उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे ही सात ठिकाणे, सिंधुदुर्गातील कुडोपी आणि गोव्यातील फणसायमाळ ह्यांसह, २०२२ साली जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत नोंदली गेली.

कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे. त्याच्या शेजारी उभे राहिले तर एखादी रेघ दिसेल. अखंड हत्ती वरून काढलेल्या छायाचित्रातच नजरेत मावतो. म्हणजे ज्याने तो कोरला त्याने तो असा कधीच पाहिला नाही. आपल्याला जे सर्वांत स्पष्ट दिसते, ते कोरणाऱ्याच्या डोळ्यांना दिसलेलेच नव्हते! मग तो कोणासाठी कोरला? आकाशातल्या कोणासाठी, की कोरण्याची क्रिया हेच त्याचे प्रयोजन? चित्रांत शेती दिसत नाही, आणि आज कोकणात नसलेला गेंडा दिसतो. त्यावरून ती शेतीपूर्व काळातील शिकाऱ्यांची असावीत हा तर्क सबळ आहे. बारसूला दोन्ही बाजूंना वाघासारखे प्राणी असलेली मानवाकृती पाहून सिंधू संस्कृतीच्या मुद्रेची आठवण होणे हेही स्वाभाविक आहे. पण आठवण होणे वेगळे आणि संबंध सिद्ध होणे वेगळे. न उलगडणाऱ्या कामाचे कर्तृत्व पांडवांना देऊन मोकळे होणाऱ्या आजोबांना आपण हसतो; आपणही पुष्कळदा तेच करतो, फक्त पांडवांची नावे बदलतो.

ह्यातून नीतीचा प्रश्न उपस्थित होतो. ज्याचा अर्थ कळत नाही, ते जपण्याचे बंधन आपल्यावर आहे काय? सड्यावर चिरेखाणी चालतात, रस्ते जातात. बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षण सुरू झाले तेव्हा, एप्रिल २०२३ मध्ये, मोठे आंदोलन झाले. अशा वेळी एक पक्ष म्हणतो, "दगडावरच्या चार रेघा, त्यांचा अर्थ तरी काय?" दुसरा घाईघाईने उत्तरतो, "ही जगातली थोर संस्कृती आहे!" दोघेही नकळत एकच अट मान्य करतात, की अर्थ मोठा असेल तरच वस्तू राहावी. ही अट घातक आहे. तिच्यापायी सद्हेतूनेसुद्धा तर्काचा सिद्धांत बनवावा लागतो. आणि उद्या तो सिद्धांत कोसळला, की त्याच्या आधारावर उभे केलेले संरक्षणही कोसळते.

जपण्याचा आधार लहान पण पक्का असावा. कोणा माणसाने ह्या कठीण कातळावर घाम गाळला, एवढे निश्चित आहे. हे काम पुन्हा होणार नाही, हेही निश्चित आहे. ज्याला आज अर्थ कळला नाही त्याच्या नातवाला कदाचित कळेल. पण कातळ फोडणारा आपल्या अज्ञानाबरोबर त्या नातवाचा प्रश्नही फोडून टाकतो. दुसऱ्याच्या वतीने उत्तर देण्याचा अधिकार आपल्याला नाही, तसा दुसऱ्याचा प्रश्न मिटवण्याचाही नाही.

मात्र हे बंधन पाळण्याचा खर्च कोणी सोसायचा? सडा कोणाच्या तरी सातबाऱ्यावर असतो, आणि चिऱ्यावर कोणाची तरी चूल पेटते. वारसा सर्वांचा म्हणायचे आणि त्याची तोशीस एकट्या जमीनमालकाने व खाणीवरच्या मजुराने सोसायची, हा न्याय नव्हे. छायाचित्रात हत्ती दिसतो. सातबाऱ्यावरचे नाव आणि चुलीचा धूर दिसत नाही. वरून पाहणाऱ्याने खाली उतरून तेवढे पाहून घेतले पाहिजे. मगच "हे राहू द्या" असे म्हणण्याचा त्याला अधिकार पोहोचतो.