नाचाची जागा पवित्र असू शकते का?

शिकागोच्या ‘वेअरहाउस’ क्लबमध्ये १९७७पासून रेकॉर्ड लावणारा फ्रँकी नकल्स त्या जागेला चर्च मानत असे. ही नुसती उपमा नव्हे, असे मला ठामपणे वाटते. तिथे येणारे बहुतेक जण कृष्णवर्णीय, लॅटिनो, समलिंगी तरुण होते. कित्येकांना घराने, खुद्द चर्चनेही झिडकारलेले. १९७९मध्ये त्याच शहरातल्या बेसबॉलच्या मैदानावर डिस्कोच्या तबकड्या स्फोटाने उडवल्या गेल्या. नकल्स मात्र त्याच संगीताचे तुकडे जोडत, ठेका लांबवत या तरुणांना पहाटेपर्यंत नाचवत राहिला. धुंदी म्हणजे भक्ती नव्हे, हा आक्षेप रास्तच आहे. पण धुंदीत माणूस स्वतःला विसरतो. इथे तर दिवसभर स्वतःला लपवून जगणारा माणूस शेकडोंच्या देखत, आहे तसा उभा राहत होता.