वडिलोपार्जित नाणी व त्यांचे मोल

तिसगावातील एका घरी आईच्या मरणानंतर तिची पेटी उघडली, तेव्हा फडक्यात बांधलेले सोळा रुपये निघाले. बहुतेकांवर व्हिक्टोरिया राणीची मुद्रा होती, एकास गळ्यात ओवण्याची कडी डाकलेली होती, आणि तळाशी तांब्याच्या दोन शिवरायाही होत्या. वडील पूर्वीच वारले होते. धाकट्या मुलाने मजकडे येऊन विचारले, "पाळकसाहेब, यांची मिळेल तितकी किंमत घेणे हा लोभ तर नव्हे ना?"

लोभ नव्हे, असे मी म्हणालो. परंतु घरी परतताना ते उत्तर मलाच अपुरे वाटू लागले.

राणीचा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे सुमारे 11.66 ग्रॅमचा; त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. सोनार तो वजनावर घेतो. नाणी जमविणारा मात्र साल, टांकसाळ व झीज पाहतो. राणीचे रुपये अगणित पडले, म्हणून बहुतेकांस चांदीहून फारसे अधिक मिळत नाही. उलट 1939 सालचा सहाव्या जॉर्जचा रुपया क्वचितच दृष्टीस पडतो. शिवराई पेशवाईतही पडत असे, तेव्हा ती महाराजांच्याच काळची, असे धरून चालू नये. (आमच्या मातोश्रींनी आपला रुपया चिंच व राखेने घासून लख्ख केला होता, तो पाहून एका जाणत्याने कपाळास हात लावला!) तसेच "जुन्या नाण्याचे लाखो देतो, आधी शुल्क भरा" असे रिझर्व्ह बँकेच्या नावाने सांगणाऱ्या लबाडांविषयी त्या बँकेने 2021 साली लोकांस सावध केले आहे.

आता प्रश्नाकडे वळू. घेताना मालास नावे ठेवणारा व घरी जाऊन फुशारकी मारणारा गिऱ्हाईक नीतिसूत्रांच्या विसाव्या अध्यायात आपणांस भेटतो. पण विकणाराही तसाच असू शकतो. रोड्‌स बेटावर दुष्काळात धान्य आणणाऱ्या व्यापाऱ्याने मागून आणखी गलबते येत आहेत हे सांगावे की नाही, असा वाद सिसेरोने मांडला आहे, आणि सांगावे असाच त्याचा निर्णय आहे. मी इतके कडक बोलत नाही. वर्षानुवर्षे अभ्यास करून मिळविलेल्या ज्ञानाचा नफा व्यापाऱ्याने खुशाल घ्यावा. मात्र भोळ्या विधवेने सरळ विचारले असता "हे सामान्य आहे" म्हणणे ही चोरीच होय. आपली शिवराई ओतीव नकली आहे हे ठाऊक असता गप्प बसून ती खपविणे, हीही तीच चोरी.

परंतु त्या मुलास मी जे विचारावयास हवे होते ते निराळेच होते. त्याची बहीण चिंचवडास दिलेली आहे. मृत्युपत्र नसल्यास 1925 च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे आम्हा ख्रिस्ती लोकांत मुलगा व मुलगी यांचा वाटा सारखाच. दुसऱ्या दिवशी मी तसे विचारले. तो बराच वेळ खाली पाहत राहिला; मग त्याने तेथेच तिला फोन लावला. बाकीचे विका, असे ती म्हणाली. कडीचा रुपया मात्र तिने आपणाकडे मागून घेतला.